मूठमूठ जमवून उभी राहिलेली कामं

आज पैशाची गोष्ट सांगायची आहे, पण ती बचतीची नाही आणि बँकेच्या कर्जाचीही नाही. गावाच्या उपयोगाचं एखादं काम सुरू करायला शंभर जणांकडून थोडेथोडे पैसे कसे उभे करायचे, त्याची ही गोष्ट आहे. शहरात आता याला क्राउडफंडिंग म्हणतात. शब्द नवा आहे, पण काम जुनं आहे. ते आपल्याच भागात, आपल्यासारख्याच बायकांनी केलेलं आहे. हे आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून आधी आम्ही चांगलीच ठेच खाल्ली. तिथूनच सुरुवात करतो.

मागच्या वर्षी द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत आमच्या गटातल्या एकीचं दोन वर्षांचं लेकरू बांधावरून चालत शेततळ्याच्या काठापर्यंत गेलं. कुत्रं भुंकलं म्हणून कुणाचं तरी लक्ष गेलं आणि पोर वाचलं. त्या रात्री गटाची बैठक नव्हती, तरी सगळ्या जमलो. गावात अंगणवाडी आहे, पण ती दुपारपर्यंत आणि शेतातलं काम पाच वाजेपर्यंत. शिवाय तीन वर्षांच्या आतलं मूल दिवसभर ठेवायचं कुठे? आपणच पाळणाघर काढायचं असं त्या रात्री ठरलं.

हिशेब मांडला. जुन्या खोलीच्या डागडुजीला 20,000 रुपये. पाळणे, सतरंज्या, भांडी, गॅस आणि पाण्याच्या फिल्टरला 14,000. मुलं सांभाळणाऱ्या दोघींचा महिन्याला 6,000 प्रमाणे तीन महिन्यांचा पगार 36,000. एकूण 70,000 रुपये. पुढे वीस मुलं आली आणि आईने रोजचे 25 रुपये दिले, तर महिन्याच्या 26 दिवसांत 13,000 रुपये येतात. त्यात दोघींचा पगार निघतो आणि गॅस, साबणाला हजार रुपये उरतात. म्हणजे पाळणाघर स्वतःच्या पायावर चालू शकतं. अडचण आहे ती पहिल्या तीन महिन्यांची. वीस मुलं पहिल्या दिवशी येत नाहीत. कर्ज घेतलं तर हप्ता मात्र लगेच सुरू होतो.

मग आम्ही शाळेची एक वही घेऊन घरोघरी फिरलो. पंधरा दिवसांत 11,400 रुपये जमले. आम्ही खूश. दुसऱ्या महिन्यात एका आजींनी वाटेत अडवून विचारलं, "बाई, माझ्या पाचशेचं व्याज किती झालं गं?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मग कळलं की काहींनी ते पैसे मदत म्हणून दिले होते, काहींनी उसने म्हणून दिले होते आणि काहींना वाटलं होतं की आपण गटाचे भागीदार झालो. आम्हीही ज्याला जे पटेल ते बोललो होतो. पारावर चर्चा सुरू झाली. शेवटी सगळ्यांचे पैसे परत करायचं ठरलं, तर वहीत एका ठिकाणी नुसतं "पाटलांची सूनबाई, 200" असं लिहिलेलं. गावात पाटलांच्या सुना सात. त्या दोनशे रुपयांसाठी सातही घरी जावं लागलं.

त्यानंतर आमच्यातल्या दोघीतिघींनी ठरवलं की पुन्हा वही हातात घेण्याआधी हे काम पूर्वी कुणी आणि कसं केलं ते वाचून काढायचं. वाचनालयात जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट पुण्याची. 1896 साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवा मुलींसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. तो काळ आठवा. बालविधवेचं केशवपन करत, तिला घराच्या कोपऱ्यात बसवत. अशा मुलींना शिकवायचं म्हटलं तर सरकार पैसे देणार नव्हतं आणि समाजाचा तर विरोधच होता. अण्णा कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांनी आधी स्वतःच्या साठवणीतले पैसे घातले आणि मग लोकांपुढे वर्गणी मागितली. पुढे रावबहादूर गोखल्यांनी हिंगण्याला जागा दिली. तिथे एक झोपडी उभी राहिली आणि 1900 साली आश्रम तिकडे गेला. अण्णा दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी पायी हिंगण्याला जायचे. सुट्टी लागली की गावोगाव वर्गणीसाठी फिरायचे.

पण या गोष्टीत आम्हाला जास्त जवळच्या वाटल्या त्या पार्वतीबाई आठवले. कोकणातल्या देवरुखच्या. अण्णांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांच्या त्या बहीण. तरुणपणी विधवा झाल्या, पदरात मूल होतं. मोठेपणी अक्षर गिरवायला बसल्या, आश्रमात काम करू लागल्या आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या. ज्या काळात विधवेचं तोंड पाहणं अपशकुन मानत, त्या काळात ही बाई अनोळखी घराच्या दारात उभी राहायची आणि सांगायची, की माझ्यासारख्या मुलींच्या शिक्षणासाठी द्या. 1918 साली त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी धड येत नव्हतं. तिथे परक्या घरांत कामं करून राहिल्या, भाषा शिकल्या, आश्रमासाठी मदत मिळवली आणि 1920 साली परत आल्या. 1928 मध्ये त्यांनी 'माझी कहाणी' या नावाने आपलं आयुष्य लिहिलं.

हे वाचलं तेव्हा आमच्या गटातली एक म्हणाली, "आणि आपल्याला शेजारच्या आळीत जायची लाज वाटते." त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट उमगली. स्वतःसाठी मागणं म्हणजे हात पसरणं. सगळ्यांच्या कामासाठी मागणं म्हणजे समोरच्याला हातभार लावायची संधी देणं. हा फरक आपल्या मनात पक्का असेल तर मान खाली घालायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट पैसा फंडाची. नावातच सगळं आलं. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी कल्पना मांडली की प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली. त्या वर्गणीतून 1908 साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना सुरू झाला. तिथे काच करायला शिकलेली माणसं पुढे देशातल्या दुसऱ्या कारखान्यांत गेली. एका पैशात काय होतं, असं म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे. पण नीट पाहिलं तर या गोष्टीत रकमेपेक्षा मोठी युक्ती आहे. एक पैसा म्हणजे कुणालाही नाही म्हणता येणार नाही इतकी लहान रक्कम. गरिबातला गरीबसुद्धा देणारा होतो, आणि एकदा दिलं की काम त्याचं होतं.

तिसरी गोष्ट सातारा जिल्ह्यातली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्याला वसतिगृह सुरू झालं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची आणि एका पंगतीत जेवायची. 1927 साली गांधीजी ते बघायला आले होते. आता एवढ्या पोरांना रोज जेवायला घालायचं तर धान्य कुठून आणायचं? शेतकऱ्याकडे रोख पैसा नसायचा, पण घरात ज्वारी-बाजरी असायची. म्हणून मुष्टी फंड निघाला. घरच्या बाईने रोज एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचं आणि ते संस्थेला द्यायचं. पैसा नाही म्हणून आपण देऊ शकत नाही, असं कुणाला वाटू दिलं नाही. जे हातात आहे तेच मागितलं.

आणि ज्या दिवशी मुठीही पुरल्या नाहीत, त्या दिवसांत भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही विकून मुलांच्या पोटाला घातलं. त्या चांगल्या सधन घरातल्या लेकी होत्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. तरी सगळ्या जातींच्या मुलांना आपली मुलं मानून त्यांनी रांधून वाढलं. 1930 साली त्या गेल्या. आज रयतची शाळा माहीत नाही असं गाव आपल्या भागात शोधावं लागेल. पण त्या शाळांच्या पायात किती बायकांच्या मुठी आहेत, त्याची नोंद कुठल्या कोनशिलेवर नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मंगळसूत्र विकणं हा त्याग मोठा आहे, पण तो नियम करू नये. आपल्याकडे पैसा कमी पडला की पहिली नजर बाईच्या दागिन्यावर जाते. शंभर घरांची मूठ वेळेवर जमली, तर एकीच्या गळ्यातलं उतरत नाही. पैसे पुष्कळ जणांकडून गोळा करण्याचा खरा उपयोग हाच.

आतापर्यंतच्या गोष्टी देणगीच्या झाल्या. दिलं आणि विसरलं, परत मागायचं नाही. पण पैसे उभे करायची दुसरीही एक तऱ्हा आहे. ती समजली असती तर आमची वही फसली नसती. ती म्हणजे भाग, ज्याला शेअर म्हणतात. त्याची गोष्ट अहमदाबादची.

तिथे इला भट्ट यांनी 1972 साली हातगाडी ओढणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, जुने कपडे विकणाऱ्या बायकांची सेवा ही संघटना नोंदवली. या बायका सकाळी सावकाराकडून पैसे उचलायच्या आणि संध्याकाळी व्याजासकट फेडायच्या. बँका त्यांना उभं करत नव्हत्या. मग आपलीच बँक काढू, असं बायकांनी ठरवलं. 1974 साली 4,000 बायकांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेतला आणि सेवा बँक सुरू झाली. नोंदणीच्या वेळी अडचण आली की यातल्या बायकांना सही करता येत नाही. तर त्या रात्रभर बसून आपापलं नाव लिहायला शिकल्या. लिहिता न येणाऱ्या खातेदारांसाठी बँकेने फोटोची ओळखपत्रं काढली.

दहा रुपयांची देणगी आणि दहा रुपयांचा भाग यांत फरक काय? देणगी देणारी हातभार लावते. भाग घेणारी मालकीण होते. तिला मत देण्याचा हक्क मिळतो, हिशेब मागण्याचा हक्क मिळतो. नफा झाला तर तिचा वाटा, तोटा झाला तरी तिचा वाटा. पण भाग असे वहीवर लिहून देता येत नाहीत. त्यासाठी सहकारी संस्थेसारखी नोंदणी लागते. आणि आमच्या कामाची आठवण व्हावी अशी एक गोष्ट म्हणजे याच सेवा परिवारात पुढे संगिनी नावाची, पाळणाघरं चालवणाऱ्या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. तिथल्या आयाही मुलासाठी फी देतात. म्हणजे आम्ही काही जगावेगळं करत नाही आहोत.

सेवा बँकेसारखीच गोष्ट आपल्या माण तालुक्यात घडली. म्हसवडला चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं. कारण काय, तर लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी डोक्यावर ताडपत्री घ्यायची होती. त्यासाठी तिला रोजचे थोडे पैसे साठवायचे होते आणि कुठलीच बँक तिचं खातं उघडत नव्हती. बायकांनी भागाचे पैसे जमवले आणि रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. तो नामंजूर झाला, कारण संस्थापक बायका निरक्षर होत्या. बायका निराश झाल्या नाहीत. त्या लिहा-वाचायला शिकल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या की कुठल्याही रकमेचं व्याज तोंडी विचारा, आणि तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे 2008 पासून तिथे बायकांचा रेडिओही सुरू झाला. आज आम्ही माइकपुढे बसून बोलतो आहोत, तेव्हा त्यांची आठवण काढायलाच हवी.

म्हणजे बघा, लोकांकडून पैसे उभे करायच्या वाटा तीन. देणगी, भाग आणि उसने. उसन्याची गोष्टही आपल्या ओळखीचीच आहे. 1959 साली मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्यांनी पहिल्यापासून ठरवलं होतं की तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही. हाही एक मार्ग आहे आणि मानाचा आहे. पण पापड आज लाटला की उद्या विकता येतो. पाळणाघराला जम बसायला महिने जातात. म्हणून आपलं काम कोणतं आहे ते बघून वाट निवडायची. एकाच वहीत तिन्ही वाटा मिसळल्या की गोंधळ झालाच म्हणून समजा. आमची चूक नेमकी हीच होती.

आता आजच्या काळाकडे येऊ. 2008 मध्ये रंग दे, 2010 मध्ये मिलाप, 2012 मध्ये केटो अशा संस्था आपल्या देशात सुरू झाल्या. त्यांच्यामार्फत मोबाइलवरून दूरदूरचे लोक मदत करतात किंवा लहान कर्ज देतात. साधन बदललं, पण प्रश्न तेच राहिले. काम कोणतं, पैसे किती लागणार, कुठे खर्च होणार, आणि पुरे जमले नाहीत तर काय करणार? मोबाइलवर पैसे देणारा माणूसही हेच विचारतो आणि आमच्या आजीही हेच विचारतात.

काही गोष्टी मात्र जुन्या काळी नव्हत्या, त्या आज पाळाव्या लागतात. सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करायची तर गणपती मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गटाच्या बाहेरच्या लोकांना "पैसे ठेवा, व्याज देतो" असं सांगून ठेवी गोळा करणं 2019 च्या कायद्याने गुन्हा आहे. आजींना आम्ही चुकून जरी व्याजाचं बोललो असतो, तरी अडकलो असतो. परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायची तर केंद्र सरकारची वेगळी नोंदणी लागते. आणि देणाऱ्याला आयकरात सूट मिळेल असं वचन नोंदणी नसताना कुणी देऊ नये.

हे सगळं समजून घेतल्यावर आम्ही पुन्हा बैठक घेतली. आम्ही देणगीची वाट निवडली. पहिली गोष्ट म्हणजे गटातल्या चौदा जणींनी प्रत्येकी 500 रुपये आधी घातले, ते झाले 7,000. स्वतःच्या पदरचं आधी, मग दुसऱ्याच्या दारात. परवानगी काढली. गटाच्या खात्याच्या शेजारी वेगळं खातं उघडलं. छापील पावती पुस्तक केलं. पावतीवर देणाऱ्याचं पूर्ण नाव, रक्कम आणि खाली दोन ओळी छापल्या. ही देणगी आहे, यावर व्याज नाही. दसऱ्यापर्यंत 70,000 जमले नाहीत तर ज्याचे त्याला परत मिळतील. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्याकडून जुनी लुगडी गोधडीसाठी घेतली, गवंड्याची दोन दिवसांची मजुरी घेतली. त्याचीही पावती फाडली, कारण मूठही देणगीच असते. दर शनिवारी ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर जमा आणि खर्च खडूने लिहितो.

पहिल्या वेळी ज्यांचे पैसे परत केले होते, त्यांच्याकडे पुन्हा जाताना पाय जड झाले होते. पण त्यातलेच कितीतरी जण म्हणाले, "तुम्ही दोनशे रुपयांसाठी सात घरं फिरलात, मग तुमच्याकडे पैसे द्यायला काय हरकत?" ज्या चुकीने आमची नाचक्की झाली, ती निस्तरल्यामुळेच विश्वास परत आला.

आज हे बोलत असताना फळ्यावर आकडा आहे 46,300. दसऱ्याला सहा आठवडे आहेत. आकडा गाठला तर छाटणीच्या आधी खोली तयार होईल. नाही गाठला तर पावतीवर लिहिल्याप्रमाणे एकेकीला पैसे परत करू आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभ्या राहू. पार्वतीबाई एका दारातून रिकाम्या हाताने परतल्या म्हणून दुसऱ्या दारी जायच्या थांबल्या नव्हत्या.

तुमच्या गावात दवाखान्याला नेणारी गाडी हवी असेल, म्हाताऱ्या माणसांना डबा पोचवायचा असेल, भाड्याने द्यायला शेतीची अवजारं हवी असतील, तर गटात बसून आधी कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. किती पैसे लागतात, देणगी की भाग की उसने, आणि जमले नाहीत तर काय करायचं. उत्तरं लिहून झाली की पहिली पावती स्वतःच्या नावाची फाडा.

त्या आजी परवा पुन्हा भेटल्या. पाचशेची नोट पुढे करून म्हणाल्या, "या वेळी व्याज नको. पण पोरं आली की मला बघायला बोलवा." आम्ही पावती फाडली आणि त्यांचं पूर्ण नाव लिहिलं.